बाळंतिणीचा खाडा

सातवीच्या मुलांना मी एक छोटा प्रकल्प दिला होता. आपण ज्या रस्त्यावर राहतो त्याचे नाव कुणावरून पडले, ते शोधून एक पान लिहून आणायचे. उर्दू माध्यमाच्या मुलांना मुंबईचा इतिहास पुस्तकात फारसा भेटत नाही, तो निदान पायाखाली तरी भेटावा एवढाच हेतू. डिलाईल रोडवरून येणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पाटीवर ना. म. जोशी मार्ग लिहिले आहे. हे जोशी कोण?"

मी त्याच डिलाईल रोडवर जन्मलो, वाढलो. माझे दादा रत्नागिरी जिल्ह्यातून येऊन इथल्या गिरणीत साचेवाले झाले. अब्बांची नोकरी 1982 च्या संपात गेली. पण जोशी कोण, हे मला सांगता आले नाही. "कामगारांचे पुढारी होते," असे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. आमच्याकडे ते नाव कुणी उच्चारतच नाही. पूल 2018 साली बंद झाला आणि 2023 मध्ये पुन्हा पूर्ण खुला झाला, त्या पाच वर्षांत वर्तमानपत्रांनीही तो 'डिलाईल पूल' म्हणूनच लिहिला. जोशी पाटीपुरते राहिले.

त्या मुलाच्या प्रश्नासाठी म्हणून जे वाचायला घेतले, ते वाचता वाचता मला आमच्याच शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीतली एक गोष्ट आठवू लागली. ती पुढे येईलच. आधी जोशी.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म 1879 चा, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. गोखल्यांच्या भारत सेवक समाजात ते दाखल झाले आणि 1911 साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवण्यापासून त्यांच्या कामाची सुरुवात झाली. 1919 साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिथे हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते गेले. पुढच्या वर्षी आयटक स्थापन झाली तीत ते होते. 1921 पासून 1947 पर्यंत दिल्लीच्या कायदेमंडळात ते कामगारांच्या वतीने नेमलेले सभासद होते. लाल बावट्याच्या मंडळींना ते फार मवाळ वाटत आणि सरकारला फार हट्टी. माणूस दोन्हीकडून शिव्या खात असला की तो बहुधा काहीतरी काम करत असतो, असा माझा अनुभव आहे.

वॉशिंग्टनच्या परिषदेत बाळंतपणाचा एक ठराव झाला. कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाआधी सहा आणि नंतर सहा आठवडे काम नसावे आणि त्या काळात तिला पैसे मिळावेत, असा तो ठराव. हिंदुस्थानच्या सरकारने त्यातून अंग काढून घेतले आणि चौकशी करतो एवढेच सांगितले. त्या चौकशीपोटी मुंबईत डॉ. बार्न्स नावाच्या बाई नेमल्या गेल्या आणि 1922 साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. गिरणीतल्या बायका अगदी कळा सुरू होईपर्यंत कामावर असत. बाळंतपणानंतर घरची गरज त्यांना लवकरात लवकर परत ओढून आणी. तान्हे मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी चारली जाई. अहवालात ही गोष्ट दोनचार घरांची म्हणून येत नाही, जवळजवळ सगळ्याच घरांची म्हणून येते. कारण साधे होते. बाईचा खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली, आणि खाडे वाढले की जागा गेली. वायंडिंग आणि रीलिंग खात्यातल्या बायकांवर 'नायकीण' असे. तिची मर्जी सांभाळून पुन्हा आत शिरायचे म्हणजे तिचेही हात ओले करावे लागत.

जोशींनी 1924 साली दिल्लीत बाळंतपणाच्या रजेचे बिल मांडले. 1925 साली ते पडले. बायका बाळंतपणाला गावी जातातच, मग कायदा कशाला, अशी एक हरकत होती. गावी जाणाऱ्या बाईला वाटखर्च कोण देतो आणि गावात तिच्या पोटाला कोण घालतो, हे विचारायला त्या सभागृहात एकही बाई नव्हती. म्हणजे बायकांच्या बाळंतपणावर सगळे पुरुष बोलले, सगळ्या पुरुषांनी मते दिली आणि पुरुषांनीच ते पाडले. मांडणाराही पुरुषच होता, एवढीच त्यातली आपली बाजू.

मग प्रश्न मुंबईच्या कायदेमंडळात आला. आर. एस. आसवले यांनी तिथे तसेच बिल आणले आणि 28 जुलै 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. ही तारीख लक्षात घेण्यासारखी आहे. एप्रिलमध्ये सुरू झालेला गिरण्यांचा सार्वत्रिक संप तेव्हा ऐन भरात होता. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते आणि डिलाईल रोडच्या चाळींत चुली पेटण्याची मारामार होती. बाबासाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे : बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे ही राष्ट्राच्याच हिताची गोष्ट आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलायला हवा. पण सरकार तो उचलत नाही म्हणून मालक सुटत नाही. मालक बाईला कामावर घेतो तो तिच्यावर उपकार म्हणून नाही. तिच्या कामात त्याला पुरुषाच्या कामापेक्षा जास्त फायदा सुटतो म्हणून घेतो. फायदा घ्यायचा तर त्याबरोबरचा हा खर्चही त्याने घ्यावा. मी हे भाषण दोनदा वाचले. त्यात 'अबला' नाही, 'माउली' नाही, डोळ्यांत पाणी आणणारे एक वाक्य नाही. सगळा हिशेब आहे. आपल्याकडे बायकांच्या बाजूने बोलणारे पुरुष बहुतेक वेळा आईच्या पायाखालच्या जन्नतपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात, म्हणून हे मला विशेष वाटले.

कायदा 1929 साली झाला. हिंदुस्थानातला अशा तऱ्हेचा हा पहिला. जास्तीत जास्त सात आठवडे आणि मुंबईत दिवसाला आठ आणे. वॉशिंग्टनच्या बारा आठवड्यांपुढे हे थोडेच होते, पण बाळंतिणीचा खाडा भरून मिळाला पाहिजे, हे तत्त्व कागदावर आले.

इथे गोष्ट संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात शोभली असती. पण पुढे जे झाले ते अधिक शिकवणारे आहे. विसाच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. पुढच्या वीस वर्षांत तो वाटा जवळजवळ निम्म्यावर आला आणि 1982 च्या संपापर्यंत बायका अगदी नावापुरत्या उरल्या. कारणे अनेक. कमी माणसांत जास्त काम काढण्याची नवी पद्धत आली, वायंडिंगची यंत्रे बदलली, बायकांना रात्रपाळी बंद होती आणि गिरण्या जास्त पाळ्यांत चालू लागल्या. त्यात रजेचा खर्च. मालकांनी हिशेब केला आणि गाळलेली बाई परत भरली नाही. म्हणून कायदाच चुकला, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही भेटतात. मला ते पटत नाही. सावलीत बसायला जागा दिली म्हणून बाईला कामावरून काढले, तर दोष सावलीचा कसा?

पण एक प्रश्न उरतोच. बायका कमी होत होत्या तेव्हा युनियनमधले पुरुष काय करत होते? पगारवाढीसाठी आणि बोनससाठी महिनोन्महिने संप झाले. 1928 च्या संपात बायकाही रस्त्यावर होत्या. पण बायकांच्या जागा वाचवण्यासाठी गिरणगाव तितक्या ताकदीने कधी थांबले नाही. पुरुष हा कमावणारा, त्याला घर चालवण्याइतका पगार द्या, म्हणजे बाईला गिरणीत यावेच लागणार नाही, हा विचार मालकाला परवडणारा होता आणि कामगारालाही गोड वाटणारा. समतेच्या गोष्टी सोयीपुरत्या चालतात. साचेखात्यात धोट्याचा दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. बाबासाहेबांनी तेही त्याच संपाच्या वेळी पुढाऱ्यांपुढे ठेवले. साचेखात्यात मराठे होते आणि आपले लोकही होते. माझे दादा काही वर्षांनी त्याच खात्यात लागले. त्यांच्या वेळी तो विटाळ चालू होता का, हे मी त्यांना कधी विचारले नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

पुढाऱ्यांच्या घरात काय चालत असे, हे आपल्याला त्या घरातल्या बायकांनी सांगितले. उषाताई डांगे बालविधवा होत्या. 1928 साली त्यांचे कॉम्रेड डांग्यांशी लग्न झाले आणि 1929 मध्ये डांगे मीरतच्या खटल्यात आत गेले. मागे गिरणी कामगार युनियनच्या बायकांत उषाताई उभ्या राहिल्या. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'पण ऐकतं कोण?' ते 1970 साली आले. अमर शेखांचा पहाडी आवाज गिरणगावाच्या नाक्यानाक्यावर घुमला. बार्शीच्या मुसलमान घरातला हा शाहीर आपल्याला आपला वाटतो. त्यांची मुलगी मलिका नामदेव ढसाळांची बायको झाली, आणि 1984 साली तिने पुस्तक लिहिले ते 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'. ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही घरे क्रांतीची. मी ही पुस्तके पुढाऱ्यांची उणी काढण्यासाठी वाचत नाही. सभेत समता बोलणाऱ्या माणसाचे घरातले वजन किती, हे मोजायला दुसरा काटा नाही, म्हणून वाचतो.

आता आपल्या घराकडे. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत विधिमंडळावर सात मुसलमान बायकांचा मोर्चा नेला. सातच. एकतर्फी तोंडी तलाक बंद करा आणि सवतबंदीचा कायदा आम्हालाही लावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, 'मराठा'त पत्रकार, 'इंधन'चे लेखक. 22 मार्च 1970 रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले आणि 1977 साली वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. धर्माबद्दलची त्यांची सगळी मते मला मान्य नाहीत. या अंकाच्या अनेक वाचकांनाही नसतील. पण त्या सात जणींपुढे मला माझी नापसंती फार किरकोळ वाटते. तीन शब्दांत घराबाहेर काढलेली बाई आपल्या प्रत्येकाच्या खानदानात एखादी तरी होती आणि तिच्याबद्दल दस्तरखानावर सगळे हळहळत. हळहळ आणि मोर्चा यांतले अंतर त्या दिवशी सात पावलांनी कमी झाले.

त्या सातांत त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा होत्या. उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलीने मराठी आपलीशी केली आणि 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन 1995 साली मराठीत दिले. उर्दूचा शिक्षक म्हणून मला याचा थोडा अभिमान आहे. निकाहानंतर महिन्याभराने दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवले. म्हणजे ज्या हक्काविरुद्ध दलवाई बोलणार होते तो हक्क त्यांनी आधी आपल्या हातातून काढून टाकला. पुरुषाने काय करावे, या प्रश्नाला इतके सरळ उत्तर मी दुसरे पाहिलेले नाही. पण हेही खरे, की दलवाई गावोगाव फिरत होते तेव्हा घर चालत होते ते मेहरुन्निसाबाईंच्या खादी ग्रामोद्योगातल्या नोकरीवर. मोर्चाचा इतिहास लिहिताना तो पगार आपण लिहीत नाही. दलवाई गेल्यावरही बाई थांबल्या नाहीत. 1985 साली कोल्हापूरहून नागपूरला निघालेल्या तलाक मुक्ती मोर्चात त्या होत्या. तलाकवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 22 ऑगस्ट 2017 रोजी लागला. त्याआधी अडीच महिने, 8 जून रोजी त्या गेल्या.

त्याच मंडळातले पुण्याचे सय्यदभाई यांचीही आठवण ठेवली पाहिजे. त्यांच्या बहिणीला, खतिजाला, कोवळ्या वयात तलाक मिळाला आणि तिथून हा साधा कामगार माणूस जन्मभरासाठी या कामाला लागला. 'दगडावरची पेरणी' हे त्यांचे पुस्तक. 2020 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2022 साली ते वारले. बहिणी सगळ्यांनाच असतात. तिच्यामुळे आपली वाट बदलणारे भाऊ मी फार पाहिले नाहीत, आणि त्यात मी स्वतःही आलो.

मुंबईतल्या पुरुषांनी याच कामासाठी एकत्र येण्याचा आणखी एक प्रयत्न झाला. 1991 साली सी. वाय. गोपीनाथ या पत्रकाराने वर्तमानपत्रात जाहिरात दिली : बायकोला मारणे चूक आहे असे मानणारे पुरुष पाहिजेत. दोनशेहून अधिक पुरुषांनी उत्तरे पाठवली आणि 1993 साली 'मावा' ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी यांनी ती पुढे चालवली. 'पुरुष स्पंदनं' हा दिवाळी अंकही काढला. एवढ्या मोठ्या शहरातून दोनशे! पण दलवाईंना सात मिळाल्या होत्या, त्या मानाने बरे.

आता शिक्षकांच्या खोलीतली गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. खाजगी कारखान्यांसाठी 2017 साली रजा सव्वीस आठवडे झाली, आम्हा शिक्षकांनाही सहा महिने मिळते. बदली शिक्षक आला नाही. त्यांचे तास आमच्यात वाटले गेले आणि माझ्या वाट्याला आठवड्याचे आठ आले. खोलीत चहा पिताना कुणीतरी म्हणाले, "मजा आहे बाई लोकांची." सगळे हसले. मीही हसलो आणि वर म्हणालो, "आपल्याला कोण देतो सहा महिने?" बाई परत आल्या तेव्हा त्यांचा वर्ग दुसऱ्याला दिलेला होता. "घरी लहान बाळ आहे, तुम्हाला झेपणार नाही," असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण आम्ही बी.एड.ला एकाच वर्गात होतो. मी हजेरीपट भरत बसलो. तो वर्ग मलाच दिलेला होता.

नव्वद वर्षांपूर्वीचे गिरणीमालक बाईची जागा कशी भरत नसत, हे वाचताना मला तो हजेरीपट दिसत होता. परवा मी बाईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "सर, मला वाटले होते तुम्हाला आठवतच नसेल." आणि तासाची घंटा झाली म्हणून निघून गेल्या. वर्ग पुढच्या जूनमध्ये त्यांना परत द्यावा, असा अर्ज मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही.

सातवीच्या वर्गाला मी ना. म. जोशी सांगितले. वॉशिंग्टन, दिल्लीत पडलेले बिल, सात आठवडे, आठ आणे. मुलांनी आधी आठ आणे म्हणजे किती ते विचारले. मग मदनपुऱ्याहून येणारी एक मुलगी उभी राहिली. तिचे पणजोबा मोमीन विणकर, एका गिरणीच्या साचेखात्यात होते. त्या घरातल्या बायका गिरणीत कधी गेल्या नाहीत, म्हणून तो कायदाही त्यांच्या दारापर्यंत कधी आला नाही. आई घरी बसून ओढण्यांना मणी लावते, नगावर पैसे.

"सर," ती म्हणाली, "मेरी अम्मी को कितने हफ़्ते मिले?"

तिचा धाकटा भाऊ रमजानच्या आधी झाला. चौथ्या दिवशी व्यापाऱ्याचा माणूस माल घेऊन आला होता, असे तिनेच सांगितले. ईदचा माल होता, त्याला घाई होती.